सेल्फ फिरतो, गाडी पकडत नाही आणि चावी सोडली की उचलते: जुन्या पद्मिनीत दोष कुठे शोधायचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 1985 ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांच्या हातची, गाडी साताऱ्यात. सकाळी चोक ओढून आठ-दहा सेकंद सेल्फ मारावा लागतो आणि गाडी पकडते ती बहुतेक वेळा नेमकी चावी सोडताना. एकदा चालू झाली की घाटातसुद्धा कुरकुर नाही. पण बाजारात बंद करून पंधरा मिनिटांनी परत आलात की सेल्फ जड फिरतो, गाडी पकडत नाही आणि अर्ध्या-पाऊण तासाने जणू काही झालंच नव्हतं अशी चालू होते. सहा महिन्यांत बॅटरी, कॉईल (ठिणगीसाठी लागणारं मोठं व्होल्टेज तयार करणारी), पॉईंट (कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे), त्यांच्या जोडीचा कंडेन्सर आणि प्लग नवे झाले. चावी ऑन करून तुम्ही कॉईलवर मीटर लावलात, 12.4 व्होल्ट आले, म्हणून वायरिंग ठीक आहे असं तुम्ही धरलंत. आता मेकॅनिक कार्बोरेटर बदला म्हणतोय आणि तुम्ही विचारताय की त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक इग्निशनच बसवून टाकू का.

दोन्ही तूर्त थांबवा. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या लक्षणांत मला सर्वात मोलाचं वाटलं ते ‘चावी सोडताना पकडते’ हे. ते तुम्ही सहज लिहून गेलात, पण निम्मं निदान तिथेच आहे. आणि 12.4 व्होल्टचा जो आकडा तुम्ही वायरिंग चांगलं असल्याचा पुरावा मानलात, तो पुरावा म्हणून चालत नाही. मीटर बरोबर होता, जागाही बरोबर होती, मोजायची वेळ मात्र चुकली.

मी तेहतीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय. त्यातली पहिली अकरा मुंबईत गेली, काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून. पद्मिनी तेव्हा सगळीकडे होती आणि तिला पद्मिनी कुणी म्हणत नसे, सगळ्यांच्या तोंडी ‘फियाट’च. त्या गाड्यांना पुढे सीएनजी किट बसली तेव्हा आम्हाला इग्निशन खऱ्या अर्थाने कळलं. सीएनजी पेटवायला प्लगवर पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर जो कमकुवत करंट खपून जायचा, तो गॅसवर लगेच उघडा पडायचा. टॅक्सीवाला दोन तास उभा राहिला की त्याचा धंदा बुडतो, त्यामुळे ‘हे बदलून बघू, ते बदलून बघू’ हा मार्ग आम्हाला नव्हता. मोजायचं आणि मगच हात घालायचा. तीच सवय तुम्हाला इथे द्यायचा प्रयत्न करतो.

आधी चावी सोडताना नेमकं काय होतं ते बघू. चावी स्टार्टवर असते तेव्हा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढत असतो. चांगली बॅटरीसुद्धा त्या वेळी दहा-साडेदहा व्होल्टपर्यंत खाली येते, हे स्वाभाविक आहे. त्याच क्षणी त्याच बॅटरीतून कॉईललाही करंट हवा असतो. बॅटरीपासून कॉईलपर्यंतच्या वाटेत एखादा सांधा गंजलेला असेल, इग्निशन स्विचच्या आतले काँटॅक्ट जळलेले असतील, तर या दहातले आणखी दोन-तीन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि कॉईलला सात उरतात. तुम्ही चावी सोडता, सेल्फचा भार जातो, व्होल्टेज झटकन वर येतं. इंजिन अजून अर्धा-पाऊण फेरा स्वतःच्या वेगाने फिरत असतं आणि तेवढ्यात त्याला एक चांगली ठिणगी मिळते. गाडी पकडते ती तेव्हा. पेट्रोलचा, कार्बोरेटरचा दोष असता तर चावी सोडायच्या क्षणाशी त्याचं काही नातं नसतं.

आणखी एक शक्यता आहे. काही इग्निशन स्विच, विशेषतः बाजारातून घेऊन बदललेले, चावी स्टार्टवर नेली की कॉईलची लाईन पूर्ण तोडतात. मग सेल्फ फिरत असताना ठिणगी पडतच नाही, चावी परत आली की पडते. लक्षण तेच, इलाज वेगळा. दोन्हींतला फरक मीटर एका मिनिटात सांगतो.

आता तुमचे 12.4 व्होल्ट. तुम्ही मोजलंत तेव्हा डेल्कोतले (म्हणजे ठिणगी एकेका प्लगला वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधले) पॉईंट बहुधा उघडे होते. पॉईंट उघडे म्हणजे कॉईलमधून करंट वाहत नाही. करंट वाहत नसेल तर वाटेत कितीही खराब सांधा असला तरी तिथे व्होल्टेज पडत नाही आणि मीटर बॅटरीचाच आकडा दाखवतो. तुमच्या भागात ठिबक पुष्कळ आहे, म्हणून तसंच सांगतो. नळीत क्षार साचून ती निम्मी बुजली असली तरी टोकाचा कॉक बंद असताना प्रेशर गेज पूर्ण दाब दाखवतो. कॉक उघडा, मग खरा दाब दिसेल. इग्निशनच्या लाईनीत तो कॉक म्हणजे पॉईंट. ते मिटलेले असताना मोजा, आणि सेल्फ फिरत असताना मोजा. बाकी वेळच्या आकड्यांवरून काही ठरवू नका.

दोन-तीन व्होल्टने एवढा फरक कसा पडतो, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचं गणित सोपं आहे. साध्या 12 व्होल्टच्या कॉईलच्या प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीचा करंट जातो त्या वेटोळ्याचा, रेझिस्टन्स तीन ओहमच्या आसपास असतो, म्हणजे 12 व्होल्टला सुमारे 4 अँपिअर. पॉईंट उघडतात तेव्हा कॉईलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि त्यातली ऊर्जा प्लगवर ठिणगी होऊन जाते. ही ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज 12 वरून 9 झालं की करंट पाऊण होतो, पण ऊर्जा जवळपास निम्म्यावर येते, 56 टक्के. सात व्होल्टला ती 34 टक्के राहते. उघड्या हवेत प्लग धरून बघितलात तर तेवढ्यातही ठिणगी दिसेल आणि ‘करंट आहे की’ असं कुणीही म्हणेल. सिलिंडरमध्ये दाबलेल्या थंड मिश्रणात ती ठिणगी पुरत नाही.

गरम इंजिनची तक्रार याच गणितात बसते, म्हणून ती मी वेगळी काढली नाही. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्यांनी वाढतो. कॉईल 20 अंशांवरून 80 अंशांवर गेली की तिचे 3 ओहम 3.7 होतात. गाडी चालू असताना बॉनेटखाली निदान हवा फिरत असते. बंद करून पंधरा मिनिटं उभी केलीत की इंजिनची सगळी उष्णता तिथेच कोंडते आणि कॉईल, कंडेन्सर, सेल्फ सगळे आणखी तापतात. आता सात व्होल्ट आणि 3.7 ओहम असा हिशेब करा: 1.9 अँपिअर. ऊर्जा मूळच्या पाव भागाहूनही कमी. सकाळी कशीबशी पकडणारी गाडी दुपारी बाजारात का रुसते, ते इथे कळतं. अर्ध्या तासात कॉईल निवते आणि गाडी चालू होते. तुमच्या दोन तक्रारी मुळात एकच असण्याची शक्यता मला जास्त दिसते. खात्री मोजल्यावर.

मोजायच्या आधी काही गोष्टी पाळा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. फॅनपासून मीटरच्या वायरी आणि शर्टाच्या बाह्या लांब. कॉईलमधून डेल्कोच्या मधल्या भोकात जाणारी जाड वायर काढलीत तर ती लोंबकळत ठेवू नका, इंजिनच्या लोखंडाला घट्ट टेकवून बांधा. ती मोकळी ठेवून सेल्फ मारला तर कॉईलच्या आतलं इन्शुलेशन फुटू शकतं, आणि आसपास पेट्रोलची वाफ असेल तर पुढचं सांगायला नको. आणि पॉईंट मिटलेले असताना चावी ऑन ठेवून गप्पा मारत बसू नका. चार अँपिअर म्हणजे कॉईलमध्ये 48 वॅटची उष्णता. मोजा, चावी बंद करा, मग आकडा लिहा.

पहिलं मोजमाप. डेल्कोची कॅप काढा, गाडी चौथ्या गिअरला टाकून चावी बंद ठेवून हळूच ढकला, पॉईंट पूर्ण मिटले की थांबा आणि गाडी परत न्यूट्रलला आणा. चावी ऑन. मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर ठेवा, वायरच्या क्लँपवर ठेवू नका. काळी पिन कॉईलच्या पॉझिटिव्हवर. हा आकडा म्हणजे वाटेत वाया गेलेलं व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टपर्यंत मी सोडून देतो. एकच्या वर गेला तर दोष त्या वाटेत आहे. मग काळी पिन एकेक टप्पा मागे आणत जा: स्विचमधून बाहेर येणारं टर्मिनल, स्विचमध्ये आत जाणारं टर्मिनल, त्याआधीचा जोड. जिथे आकडा अचानक कमी होतो, त्याच्या पुढच्या तुकड्यात चोर आहे.

इथे एक गोष्ट तुमच्या गाडीवर अवलंबून आहे आणि ती मला इथून दिसत नाही. कॉईलच्या लाईनीत कुणी बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे कॉईलचा करंट आवरणारा रेझिस्टर, बसवला आहे का? चिनी मातीचा पांढरा, बोटाएवढा तुकडा, दोन टोकांना टर्मिनल, असा दिसतो. तो असेल तर या मोजमापात मुद्दाम काही व्होल्ट पडणारच. नवी कॉईल कुठली बसली आहे तेही बघा. चावी बंद ठेवून, कॉईलच्या दोन्ही बारीक वायरी काढून प्रायमरीचे ओहम मोजा. तीनच्या आसपास आले तर ती साधी 12 व्होल्टची, तिला बॅलास्ट नको. दीडच्या आसपास आले तर ती बॅलास्टबरोबर वापरायची, नुसती लावली तर 8 अँपिअर ओढून नवे पॉईंट काही दिवसांत काळे करेल. काउंटरवर ‘फियाटची कॉईल द्या’ म्हटल्यावर दोन्ही प्रकार हातात पडताना मी पाहिले आहेत.

कॉईल हातात आहेच तर तिच्या वायरी उलट नाहीत ना, तेही बघून घ्या. तुमच्या गाडीत निगेटिव्ह बॉडीला आहे, म्हणजे कॉईलचं पॉझिटिव्ह चावीकडे आणि निगेटिव्ह डेल्कोकडे. उलट लागली तरी गाडी चालते, पण प्लगच्या तापलेल्या मधल्या टोकाकडून ठिणगी सहज सुटते, बाहेरच्या टोकाकडून सुटायला जास्त व्होल्टेज लागतं. आधीच करंट अपुरा असताना ते परवडत नाही.

दुसरं मोजमाप अर्थिंगचं, आणि हे जवळपास कुणीच करत नाही. पॉईंट मिटलेले, चावी ऑन. एक पिन कॉईलच्या निगेटिव्हवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. 0.2 व्होल्टच्या आत यायला हवं. जास्त आलं तर संशयित तीन. पॉईंटचे तोंड मळलेले असेल. डेल्कोच्या आतली छोटी लवचीक वायर आतून तुटत आली असेल, वरचं आवरण शाबूत दिसतं आणि आत दोन तार उरलेले असतात. किंवा इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी सैल, गंजलेली किंवा गायबच असेल. इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं हे विसरू नका. ती पट्टी नसेल तर सेल्फचा शंभर-दीडशे अँपिअरचा करंट चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, गिअरच्या जोडण्यांमधून परतीची वाट शोधतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर दुसरं काही तपासू नका, आधी पट्टी लावा.

तिसरं मोजमाप सर्वात महत्त्वाचं. कॉईलची जाड वायर लोखंडाला बांधलेली, घरातलं कुणीतरी आत बसून पाच सेकंद सेल्फ मारेल. आधी बॅटरीच्या दोन खुंट्यांवर मोजा, मग पुन्हा पाच सेकंद, या वेळी कॉईलचं पॉझिटिव्ह आणि बॅटरीची निगेटिव्ह खुंटी. बॅटरी 9.6 च्या खाली गेली तर बॅटरी चार्ज नाही, खराब आहे किंवा सेल्फ जास्त ओढतोय. बॅटरी 10 दाखवते आणि कॉईल 9.5, तर लाईन चांगली. बॅटरी 10 आणि कॉईल 7, तर तुमचा दोष सापडला. कॉईल शून्य दाखवते, तर स्विच स्टार्टवर लाईन तोडतोय. पॉईंट उघडमीट करत असल्याने आकडा थोडा थरथरेल, त्याची काळजी नको. त्याच दमात बॅटरीची निगेटिव्ह खुंटी ते इंजिनचं लोखंड असंही मोजा. सेल्फ फिरत असताना तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं तर दुपारी सेल्फ जड का फिरतो त्याचंही उत्तर मिळालं.

अशीच एक पद्मिनी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पुण्यात टो होऊन आली होती. तिचेही सगळे पार्ट नवे. सेल्फ फिरताना बॅटरीवर 10.1 आणि कॉईलवर 6.8. डॅशबोर्डखाली हात घातला तर इग्निशन स्विचमधून निघणाऱ्या एकाच वायरीला म्युझिक प्लेअर, फॉगलाइट आणि जादा हॉर्न पिळून जोडलेले. वर काळी टेप, ती उन्हाळ्यात वितळून चिकट झालेली, आत तांबं हिरवं पडलेलं. स्विचची पाठ बोटाला गरम लागत होती. आम्ही तिन्ही जादा वस्तू स्वतंत्र फ्यूज देऊन बॅटरीवरून घेतल्या, ती वायर मागे चांगलं तांबं दिसेपर्यंत कापली, टोकाला नवीन लग (धातूचं टर्मिनल) दाबून बसवला आणि डाग दिला. कॉईलवर 9.7 आले. अर्ध्या फेऱ्यात गाडी उचलली. मालकांनी जुनी कॉईल डिकीत ठेवली होती. तीच परत लावून दाखवली, तरी तशीच उचलली. सात महिने आणि बरेच पैसे गेले होते ते एका पिळलेल्या जोडापायी. म्हणून तुम्हाला विचारतो: तुमच्या गाडीत मागून काय काय बसवलं आहे? कधी एलपीजी किट होतं का? किट काढून टाकतात, पण त्याच्या स्विचसाठी कॉईलच्या वायरीला मारलेला जोड तसाच राहतो.

दोष स्विचमध्ये निघाला तर स्विच बदला. वायरीत निघाला तर वायर 1.5 स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची घ्या आणि टेपच्या भरवशावर एकही जोड ठेवू नका. बरेच जण अशा वेळी रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा म्हणतात. मीही लावतो. रिलेच्या 30 नंबरच्या टर्मिनलला बॅटरीवरून 10 अँपिअरच्या फ्यूजमधून सरळ लाईन, 87 वरून कॉईलचं पॉझिटिव्ह, 86 ला जुनी कॉईलची वायर, 85 बॉडीला. याने कॉईलचे चार अँपिअर जुन्या स्विचमधून जात नाहीत आणि स्विच आयुष्यभर टिकतो. पण स्विच स्टार्टवर लाईन तोडत असेल तर रिलेही त्याच क्षणी सुटणार आणि तुम्ही होतात तिथेच राहाल. आधी दोष काढा, मग रिले लावा. दोष झाकण्यासाठी लावलेला रिले पुढच्या माणसाला फसवतो.

आता पॉईंटबद्दल, कारण ‘नवे टाकले’ यात खूप काही दडलेलं असतं. लुकास-टीव्हीएसचा डेल्को असेल तर फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर, कॅमचं टोक पॉईंटच्या टाचेवर नेमकं आलेलं असताना. नव्या पॉईंटच्या तोंडावर गंज लागू नये म्हणून पातळ थर असतो, तो पेट्रोलच्या फडक्याने पुसावा लागतो. फट मोजायच्या फिलर गेजला नेहमी तेल असतं, ते पॉईंटला लागतं. गेज काढल्यावर पॉईंट मिटवून त्यातून कोऱ्या जाड कागदाची पट्टी ओढा. त्यावर काळी रेघ उमटली तर दुसरी घ्या, स्वच्छ निघेपर्यंत ओढत राहा. टाचेला ग्रीसचा तिळाएवढा ठिपका, नाहीतर ती झिजून महिन्याभरात फट मिटते. आणि लक्षात असू द्या की फट बदलली की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बदलतं. फट वाढली की ठिणगी लवकर पडते. म्हणून आधी फट, नंतर टायमिंग, हा क्रम कधी उलटा करू नका. टायमिंग फार पुढे असेल तर गरम इंजिनला सेल्फ मागे ढकलल्यासारखा अडखळतो. तुम्ही ‘सेल्फ जड फिरतो’ म्हणता तेव्हा तो सगळाच संथ फिरतो की मध्येच थबकतो, हे नीट ऐका. संथ फिरत असेल तर बॅटरी, केबल, अर्थिंग किंवा सेल्फचे ब्रश आणि बुश. थबकत असेल तर टायमिंग.

वर सांगितलेली सगळी मोजमापं चांगली आली आणि तरी गरम गाडी पकडत नसेल, तर मी तीन ठिकाणी जातो. कंडेन्सर: नवा असला तरी. गरम झाल्यावर फेल होणारे नवे कंडेन्सर मी एवढे पाहिले आहेत की चांगला चाललेला जुना कंडेन्सर मी फेकत नाही, जपून ठेवतो. तपासायला सोपं: गाडी रुसलेली असताना डेल्कोतल्या कंडेन्सरची वायर सोडा आणि दुसरा, चांगला, थंड कंडेन्सर बाहेरून लावा, शरीर लोखंडाला आणि वायर कॉईलच्या निगेटिव्हला. पकडली तर उत्तर मिळालं. रोटर (डेल्कोत फिरून करंट एकेका प्लगच्या वायरीकडे देणारा तुकडा): गरम झाल्यावर त्याच्या आतून करंट डेल्कोच्या शाफ्टला गळतो. कॅप काढून कॉईलची जाड वायर इन्शुलेटेड पक्कडीने रोटरच्या पितळी पट्टीच्या मध्यापासून काही मिलिमीटरवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. ठिणग्या रोटरवर पडत असतील तर रोटर गळतोय, कारण चांगल्या रोटरला करंट जायला वाटच नसते. ही चाचणी करताना जवळपास पेट्रोलचा वास येत असेल तर करू नका.

तिसरी जागा पेट्रोल, आणि इथेच तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं कदाचित निम्मं खरं ठरेल. रुसलेल्या गाडीचा एक प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर तापलेल्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून आत उतरलंय. चोक आत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, पंपिंग करायचं नाही आणि सेल्फ मारायचा. प्लग कोरडा खडखडीत असेल तर पेट्रोल वर येत नाही, पंपात किंवा नळीत वाफ अडकली आहे. पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून पाच मिनिटांनी चालू झाली तर वाफच. मार्च ते मे आपल्याकडे हे घडतंच. पेट्रोलची नळी इंजिनच्या अंगाला टेकत असेल तर ती दूर घ्या, पंपाखालचा जाड इन्शुलेटर कुणी काढून टाकलेला नाही ना ते बघा. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, आणि या गाडीचे रबराचे पाइप व पंपाचा डायफ्रॅम त्या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. पाइप दाबून बघा, मऊ लिबलिबीत किंवा तडकलेले वाटले तर इथेनॉल चालणारे नवे घाला. हे काम गाडी पकडत असली तरी करा, फुटलेला पाइप तापलेल्या इंजिनवर गळला तर गाडी पेटते. पण यातल्या कशानेही ‘चावी सोडताना पकडते’ याचा उलगडा होत नाही. म्हणून पेट्रोलचा नंबर नंतरचा.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनबद्दल माझं मत विचारलंत. चांगली वस्तू आहे. पॉईंट घासणं, फट धरणं सुटतं, ठिणगीही एकसारखी पडते. पण ते मॉड्यूलही त्याच वायरीवर, त्याच अर्थिंगवर चालणार. व्होल्टेज ठरावीक पातळीच्या खाली गेलं की पॉईंट निदान कमकुवत ठिणगी देतात, बरीच मॉड्यूल कामच थांबवतात. सात व्होल्टवाल्या लाईनीवर ते लावलंत तर गाडी आत्ता जेवढी चालू होते तेवढीही होणार नाही. लाईन सुधारा, दोन महिने पॉईंटवर चालवून बघा. मग हवं असेल तर खुशाल बसवा, आणि सेट केलेले पॉईंट व कंडेन्सर बसवलेली जुनी प्लेट डिकीत ठेवा.

कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट म्हणून निघाली आणि पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकात आलं, पण आतलं 1089 सीसीचं इंजिन जवळपास तेच राहिलं. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली आणि तिच्यावर हात बसलेले कारागीर दुसऱ्या कामांना लागले. तुमच्या मेकॅनिकला दोष देऊ नका, स्कॅनर लावून चूक वाचायची सवय झालेल्या पिढीला ही गाडी काही सांगत नाही. तिला मीटर लावून विचारावं लागतं, आणि ते तुम्ही स्वतः करू शकता.

रविवारी सकाळी गाडी थंड असताना क्रम असा ठेवा. बॅटरीच्या खुंट्या आणि क्लँप घासून स्वच्छ, इंजिन-बॉडीची पट्टी बघून घट्ट, मग तिन्ही मोजमापं. नंतर गाडी अर्धा तास फिरवून आणा, बंद करून पंधरा मिनिटं बॉनेट न उघडता उभी ठेवा, आणि तिसरं मोजमाप पुन्हा घ्या. एकही पार्ट बदलू नका. मला एवढंच कळवा: सेल्फ फिरताना बॅटरीवर किती आणि कॉईलवर किती, थंड आणि गरम दोन्ही, पॉईंट मिटलेले असताना कॉईलच्या निगेटिव्हवर किती, आणि तुमच्या नव्या कॉईलचे ओहम किती. डॅशबोर्डखालच्या वायरिंगचा एक फोटोही काढा, टेप न सोडवता. आकडे आले की पुढचं सांगतो.